झोमोचं वासरू

मुक्पो मेला तेव्हा पेरणीला अकरा दिवस उरले होते.

मेमे अंगदुसच्या घरची झोंची जोडी आमच्या वरच्या आळीत नावाजलेली होती. झोचा बाप याक आणि आई गाय, म्हणून याकाची ताकद आणि गाईची समज एका कातड्यात येते. नांगराला झोसारखं जनावर नाही. मुक्पो तांबूस, नकपो ठार काळा. दोघं नऊ वर्षं एका जुवाखाली चालले होते. त्या सकाळी पाण्यावर नेताना ओढ्यावरच्या बर्फात मुक्पोचे मागचे पाय फाकले आणि तो बसला तो बसलाच. आम्ही सहा जणांनी दोर घालून उचलायला पाहिलं. पुढचं धड उठायचं, मागचं जमिनीला चिकटून राहायचं. मेमेची सून कुन्झेस दोन दिवस त्याच्या तोंडाशी गवत धरून बसली होती. तो हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. तिसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर त्याची मान हळूच बर्फावर टेकली.

मेमेनं मुक्पोच्या नाकातली वेसण सोडली, झटकली आणि कमरेला खोचली.

घरात माणसं तीन. मेमेला, म्हणजे आजोबाला, सत्तरी लागलेली, डावा गुडघा सुजलेला. त्याची बायको स्पल्दोन, घरची अबी म्हणजे आजी, दूध-लोण्याची मालकीण. आणि कुन्झेस. तिचा नवरा मोतुप खिंडीतल्या रस्त्याच्या कामावर होता, जव कापणीला आल्याशिवाय त्याची सुट्टी व्हायची नव्हती. मुलगी लेहला वसतिगृहात. शेतं चार, सगळी वरच्या अंगाला, पायऱ्यांसारखी. ट्रॅक्टर गावात यायला लागला होता, पण तो खालच्या सपाट रानापुरता. आमच्या पायऱ्यांवर चढवला तर उतरवायला माणसं बोलवावी लागली असती.

शेतांना पहिलं पाणी देऊन झालं होतं. वाफसा आला की आठ-नऊ दिवस हातात असतात. ऊन आणि वारा मिळून जमीन अशी आवळतात की नंतर फाळ टेकवला तरी नुसता ओरखडा उठतो. आणि पेरणी लांबली तर जव दाणा भरायच्या आत थंडी उतरते.

कुन्झेस रबग्यासकडे गेली. त्याचं घर शेजारीच. तो गच्चीवर बसून चामड्याची वादी कातरत होता.

"ये नामा. चहा घे." सुनेला आमच्याकडे नामा म्हणतात, दादाला आचो.

"चहा नंतर घेते आचो. तुमचा तिसरा झो आठ दिवस द्याल का? उन्हाळाभर तुमच्याकडे खुरपायला येईन."

रबग्यासनं वादी ओढून पाहिली. "तो परवाच डोंगरावरून उतरलाय. अंगात वारं आहे त्याच्या. आणि माझ्या जोडीतला एखादा बसला तर? अकरा शेतं आहेत मला. माझं आटपू दे, मग तिन्ही घेऊन जा."

"तोवर वाफसा राहील का?"

रबग्यास खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्यानं वादी पुन्हा कातरायला घेतली. मग जरा हसून म्हणाला, "तुला काय कमी आहे? तुझा तो दुधावरचा आहे की खाली गोठ्यात. त्याला जुंप."

गच्चीच्या दुसऱ्या टोकाला त्याची बायको लोकर विंचरत होती. ती तोंडावर हात धरून हसली. कुन्झेस चहा न घेताच उतरली.

दुधावरचा म्हणजे स्तोल. झो नांगराला आणि त्याची बहीण झोमो दुधाला, इथवर सगळं ठीक असतं. झोला पोर होत नाही. झोमोला होतं, आणि तिथून घोळ सुरू होतो. गावच्या वळूपासून झालेलं झोमोचं वासरू म्हणजे स्तोल. त्याला ना याकाचा खांदा, ना धड गाईचा वाण. पुढे काय निघेल ते कुणी सांगू शकत नाही. म्हणून आमच्याकडे स्तोल वाढवत नाहीत. मारतही नाहीत. नुसतं दूध देत नाहीत. चार दिवस, पाच दिवस. झोमोचं दूध दाट, त्याचं लोणी घराला लागतं. त्यात पाप मानत नाहीत असं नाही; वासरू गेलं की देवापुढे एक दिवा लावतात. अबी स्पल्दोननं असे कितीतरी दिवे लावले होते.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या झोमोला असंच वासरू झालं. अबीनं ते पलीकडच्या खोपट्यात घालायला सांगितलं आणि कुन्झेसनं घातलं. तिसऱ्या दिवशी ती ते उचलून टाकायला गेली, तर ते उभं होतं. भिंतीला अंग टेकून, पाय थरथरत, पण उभं. कुन्झेस परत आली, आपल्या वाटणीचं दूध वाटीत घेऊन गेली. त्या हिवाळ्यात तिनं बिनलोण्याचा चहा प्यायला. अबी घरात एक शब्द बोलली नाही. बाहेर मात्र सांगायची, "यंदा आमच्या नामानं लोण्याऐवजी स्तोल काढला."

आता तो चार वर्षांचा झाला होता. पोटाखाली याकासारखे लांब केस, पण पाठ गाईसारखी तुळतुळीत. शेपूट झुपकेदार. नकपोपेक्षा खांद्याला मूठभर ठेंगणा. जळण-खत वाहण्यापलीकडे त्याला कुणी कामाला लावलं नव्हतं. नाव ठेवायचंही कुणाला सुचलं नव्हतं.

जेवताना कुन्झेसनं विषय काढला. "मेमे-ले, स्तोलाला जुंपून बघू या का?"

अबीनं थुक्प्याच्या पातेल्यात पळी आपटली. "लोक हसतील."

"हसू देत. जव नाही पिकला तर तेच लोक पीठ घेऊन येणार आहेत का?"

"अगं, ज्याला खायला घालायचं नाही त्याला जुवाखाली घालायचं?"

मेमेनं वाडगा खाली ठेवला. "त्याला वेसण कुठाय?" तो म्हणाला. एवढ्यावरून ठरलं.

दुसऱ्या दिवशी उन्हात कुन्झेसनं स्तोलाचं डोकं काखेत घट्ट धरलं. मेमेनं दाभण विस्तवावर धरून, राखेत पुसून, एका दमात नाकाच्या पडद्यातून आरपार काढलं. गरम रक्त कुन्झेसच्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. स्तोल ओरडला नाही. त्यानं एकदाच एवढ्या जोरात श्वास सोडला की तिच्या डोक्यावरचा रुमाल उडाला. मेमेनं मुक्पोची वेसण कमरेची काढून त्याच्या नाकात ओवली. ती लांब झाली. गाठ मारून आखूड केली.

पाच दिवस नदीकाठच्या वाळूत सराव चालला. आधी एकट्याला ओंडका ओढायला लावला, मग नकपोबरोबर. नकपोला हे आवडलं नाही. तो शिंगानं ढोसायचा, स्तोल मागे सरायचा, जू वाकडं व्हायचं. कुन्झेस पुढे वेसण धरून चालायची आणि सगळा वेळ बोलत राहायची. "चल रे, असं काय, वाळूच आहे ती. हां. बघ, नकपो कसा चालतो. त्याच्याकडे बघू नको, माझ्याकडे बघ." संध्याकाळी घसा बसलेला असायचा आणि पायांच्या बोटांवर खुरांचे निळे डाग.

लामांनी काढून दिलेल्या दिवशी गावानं पहिला नांगर धरला. सगळी आळी शेतात. बांधावर छांगच्या दारूचे हंडे, जवाच्या पिठाचे मुटके, बायका नव्या रुमालांत. मेमेनं नांगराला लोणी लावलं, रुमण्याच्या मुठीवर हात ठेवला आणि आपलं नांगराचं गाणं उचललं. लांब ओढलेला सूर, पन्नास वर्षं आम्ही ऐकलेला. नकपो त्या सुरावर मान खाली घालून चालू लागला.

स्तोल थांबला आणि मागे वळून मेमेकडे बघायला लागला.

"चल, चल," कुन्झेसनं वेसण ओढली. चार पावलं गेला. मेमेनं पुढची ओळ घेतली. तो पुन्हा थांबला, कान पुढे, मान मागे. बांधावर हसू फुटलं.

रबग्यास पलीकडच्या शेतातून ओरडला, "मेमे, काम करायला आणलाय की गाणं ऐकायला?"

मेमे गप्प झाला. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मुक्यानं नांगर धरला. फाळाचे दोन तास, म्हणजे दोन सऱ्या, झाले. तिसऱ्या तासाला जू स्तोलाच्या बाजूला उतरलं, मानेवर घासलं, आणि शेताच्या ऐन मध्यावर तो आधी गुडघ्यावर आला, मग सगळाच खाली बसला. नकपो ताठ उभा, जू तिरकं, फाळ वर. कुन्झेसनं ओढलं. वेसणीच्या भोकातून रक्त आलं, तसा तिचा हात सैल पडला.

"पूजेला बसला गं!" कुणीतरी बाई म्हणाली. कुणी म्हणालं, त्याला चहा द्या, लोणी घालून.

कुन्झेस खाली वाकून जुवाच्या शिवळा, मानेजवळच्या खुंट्या, काढायला लागली. अबी बांधावर होती. ती उठली, हंड्यावर झाकण घातलं, कुणाला न सांगता घराकडे चालू लागली. त्या दिवशी इतरांची दीड-दीड शेतं झाली. यांचे अडीच तास.

दुपारी मेमे गोठ्याच्या दाराशी जू मांडीवर घेऊन बसला. कुन्झेस स्तोलाच्या मानेला गरम पाण्याचा बोळा लावत होती. मेमेनं तिला हाक मारली.

"नामा, इकडे ये. मुक्पो आणि नकपो सारखे होते ना?"

"होते."

"म्हणून नांगराची इसाड, हा लांब दांडा, जुवाच्या बरोबर मध्यावर बांधायचो. पन्नास वर्षं मध्यावरच बांधतोय. हा मुक्पो नाही. मी त्याला मुक्पोच्या जागी उभा केला आणि मुक्पोएवढं ओढ म्हणालो."

त्यानं कोळशाचा तुकडा घेऊन जुवावर मध्यापासून चार बोटं नकपोच्या बाजूला रेघ मारली. मग वाकस घेऊन तिथे खाच पाडायला बसला. इसाड नकपोकडे सरकली की ओझंही तिकडे सरकणार. स्तोलाच्या वाट्याला जुवाचा लांब हात, तर तेवढंच कमी वजन. जुनं अक्रोडाचं लाकूड दगडासारखं. गुडघ्यामुळे त्याला पाय दुमडता येत नव्हता, म्हणून कुन्झेसनं दुसरं टोक दाबून धरलं. पांढरा भुसा तिच्या मांडीवर पडत राहिला. मग तिनं फाटक्या लोकरी नमद्याचे चार पदर शिवून स्तोलाच्या खांद्यासाठी गादी केली, म्हणजे मूठभर ठेंगणेपण भरून निघेल.

"नकपोवर जास्त येईल," कुन्झेस म्हणाली.

"येईल. म्हणून अर्धा दिवसच हाणायचं. घाई केली तर दोन्ही बसतील."

दुसऱ्या दिवशी बांधावर कुणी नव्हतं, प्रत्येकाला आपापलं काम होतं. मेमेनं तोंड मिटलेलं ठेवलं. कुन्झेस पुढे चालली. पहिला तास वाकडातिकडा गेला. दुसऱ्या तासाला जू सरळ राहिलं. मुठीएवढी ढेकळं उलटत होती, त्यातून ओल्या मातीचा वास येत होता. दर तासाच्या शेवटी कुन्झेस थांबायची, स्तोलाच्या गादीखाली हात घालून बघायची, मग वळायची. सूर्य डोक्यावर आला की सोडायचं. ती उलट्या पावलांनी किती चालली असेल कोण जाणे. चौथ्या दिवशी तिच्या टाचांना भेगा पडून रक्त यायला लागलं, तेव्हा तिनं त्यांत मेण भरलं.

त्या पहिल्या दिवसानंतर अबी दोन दिवस शेतात आली नाही. तिसऱ्या दिवशी बियाणं फेकायला आली. झोळीत जव घेऊन तासांमागून चालत राहिली, स्तोलाकडे बघायची नाही. एकदा मात्र तो वळणावर थांबून मुतायला लागला, तेव्हा म्हणाली, "थांबा, त्याचं होऊ दे." तेवढंच.

सहाव्या दिवशी तीन शेतं झाली होती. चौथं, सगळ्यात वरचं, वाऱ्याच्या तोंडावर. त्याची वरची माती पांढरी पडायला लागली होती. आणि त्याच दिवशी नकपो लंगडला. पुढच्या खुरात खडा शिरला होता. मेमेनं काढला, पण पाय टेकवताना तो अंग चोरत होता. अर्ध्या दिवसाचा पाव दिवस झाला.

सातव्या दिवशी सकाळी त्या शेताच्या बांधावर रबग्यास उभा होता. हातात दाताळं. त्याची स्वतःची अकरा शेतं झाली नव्हती अजून. त्यानं जुवावरची खाच पाहिली, वाकून बोटांनी मापली.

"हे कधी केलंत?"

"पहिल्याच दिवशी. तुम्ही सगळे हसून दमल्यावर," मेमे म्हणाला.

रबग्यासनं मान खाजवली. "यंदा तुमचं गाणं ऐकू येत नाही. चुकल्यासारखं होतं."

"याला गाणं कळतं. म्हणून बंद ठेवलंय."

रबग्यास हसला, पण पहिल्या दिवसासारखा नाही. मग तो दाताळं घेऊन मागे लागला आणि तासांत बी टाकत, ढेकळं फोडत, बी झाकत चालला. त्यामुळे अबीचे हात मोकळे झाले, तिनं नकपोची वेसण धरली, कुन्झेसनं स्तोलाची. दोन्ही बायका शेजारी शेजारी उलट्या चालत होत्या. दुपारपर्यंत वारा एवढा झाला की फेकलेलं बी बाजूच्या शेतात जायला लागलं. मग रबग्यासनं वाकून, मूठ जमिनीजवळ आणून टाकलं. आठव्या दिवशी सकाळी शेवटचा तास झाला. शेवटच्या आठ-दहा पावलांत फाळ कडकड वाजत होता.

मेमे रुमणं धरून उभाच राहिला. गुडघा वाकेना. रबग्यासनं त्याला पाठीवर घेऊन घरी आणलं.

जव बोटभर उगवला की गावात जनावरं ठेवता येत नाहीत. झो आणि याक वर हिमरेषेखालच्या कुरणात जातात. घरटी एखादी गाय दाव्याला बांधून खुरपणीच्या तणावर जगवतात. मेमेच्या घरी नकपो आणि झोमो वर जायचे ठरलेलेच होते. स्तोलाचं काय?

"वरची हवा झेपायची नाही त्याला," अबी म्हणाली. "बाप गावातला वळू. एवढ्या उंचीवर छाती फुटेल. लहान होता तोवर तणावर भागलं, आता खाली ठेवायला एवढा चारा नाही. जनावरं घेणारा माणूस पुढच्या आठवड्यात येतोय. चांगलं काम केलं, मी नाही म्हणत नाही. पण काम झालं."

"वर नेऊन बघते, अबी-ले."

"आणि नाही झेपलं तर?"

खोगिराच्या पिशवीत पीठ आणि चहा भरून कुन्झेस दुसऱ्या दिवशी फटफटताना निघाली.

नकपो आणि झोमो ओळखीच्या वाटेनं भराभर चालले. स्तोल मागे. दुसऱ्या चढावर त्याची जीभ बाहेर आली, कुशी भात्यासारख्या हलायला लागल्या. कुन्झेस दगडावर बसली. त्याचा श्वास खाली बसला की उठायची, शंभर पावलं चालायची, पुन्हा बसायची. तिसऱ्या प्रहरी कुरणातल्या दगडी खोपीशी पोचली. तिथे चोस्नीत नावाची बाई राहायची. मेमेची धाकटी बहीण, सगळ्यांची अने म्हणजे आत्या, लग्न न केलेली, साठीची, दर उन्हाळ्यात गावाचं दूध तिथे घुसळणारी.

"हा कोण?" तिनं विचारलं.

"आमचा स्तोल. नांगराला होता यंदा."

"ऐकलं. सोड त्याला. बघू कुठे जातो."

सोडल्याबरोबर नकपो सरळ वर गेला, जिथे बर्फाच्या कडेला याक ठिपक्यांसारखे दिसत होते. स्तोल त्याच्या मागे निघाला. दगडांच्या घसरणीपर्यंत गेला आणि थांबला. पाय फाकून, मान खाली, नुसता श्वास घेत. वरून एका याकानं शिंगं खाली करून चार पावलं टाकली. स्तोल वळला. खोपीवरून उतरला, दोघींच्या अंगावरून, आणि गावाच्या वाटेला लागला.

कुन्झेस उठली. चोस्नीतनं तिचा हात धरून खाली बसवलं. "थांब गं."

खोपीपासून हाकेच्या अंतरावर खाली एक पाणथळ होती. झऱ्याचं पाणी तिथे पसरून मुरायचं. स्तोल तिथवर गेला, पाण्यात पुढचे पाय घातले, प्यायला. मग बराच वेळ नुसता उभा राहिला. कुन्झेसचा चहा हातात गार झाला. मग त्यानं गवतात तोंड घातलं.

ती रात्र आणि दुसरा दिवस कुन्झेस तिथेच राहिली. सकाळी पाहिलं तर तो तिथेच, पाठीवरच्या केसांवर दहिवर गोठलेलं, तोंड चालू. कुशी शांत होत्या.

"अने-ले, हा खाली यायला बघेल का?"

"बघेल एकदोनदा. मी आहे ना."

"लांडगा?"

"लांडगा काय नकपोला सोडतो? रात्री कुंपणात घेईन." चोस्नीतनं घुसळणीची रवी दुसऱ्या हातात घेतली. "चाळीस वर्षं मी इथे येतेय. याक तिथवर उतरत नाहीत, गाई तिथवर चढत नाहीत. दर साली ते गवत उभ्या उभ्या वाळतं. खाऊ दे की त्याला."

तिसऱ्या दिवशी कुन्झेस उतरली. वाट पाणथळीच्या कडेनंच जात होती. स्तोलानं मान वर केली, तोंडाच्या दोन्ही बाजूंनी गवत लोंबत होतं. तो तिच्याकडे बघत चावत राहिला, आणि पुन्हा खाली वाकला. कुन्झेस वळणापर्यंत मागे न बघता चालली. वळणावर थांबून तिनं कान दिला. खुरांचा आवाज नव्हता. खाली ओढा तेवढा वाहत होता.

अबी वरच्या शेताच्या बांधावर होती, पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळून. तिनं कुन्झेसच्या मागच्या मोकळ्या वाटेकडे पाहिलं, लांबपर्यंत.

"राहिला?"

"राहिला."

"श्वास?"

"ठीक आहे. मध्येच, पाणथळीत राहिलाय."

अबीनं हातातलं फावडं तिच्याकडे दिलं. "चल. आपल्या पाळीचं पाणी सुटलंय, अजून दोन वाफे कोरडे आहेत."